वीस बोटांची शाळा

४ ऑगस्ट

माझी खाट खिडकीपासून हलवायला सांगितली कुणी? विचारलं का मला? आंघोळ करून बाहेर येते तर खाट आतल्या भिंतीला, आणि खिडकीखाली पत्र्याच्या तीन पेट्या. आत जुने हजेरीपट, निम्मे वाळवीने खाल्लेले. नात म्हणते, "आजी, कागदांना उजेड हवा." म्हटलं, आणि मला? मी काय पिकायला घातलेला केळ्यांचा घड आहे?

मग तोंड बंद करायला ही वही दिली. "शाळेचं आठवेल तसं लिही ना आजी, मला उपयोग होईल."

नात म्हणजे बारकी. खरं नाव वेगळं, पण जन्मली तेव्हा तळहातावर मावत होती. आता सत्तावीस वर्षांची आहे आणि तरी बारकीच. विद्यापीठात शिक्षणाच्या इतिहासावर प्रबंध लिहिते. चार वर्षं झाली. पन्नास वर्षांपूर्वी सरकारने कामकरी बायकांसाठी दुपारच्या शाळा काढल्या होत्या, त्या कशा निघाल्या आणि कशा मिटल्या, असा विषय आहे. त्यातली एक इस्पितळाच्या धुलाईघरात होती. मी तिथे चादरी धूत होते आणि त्या शाळेत बसत होते. दोन वर्षं. माझं शिक्षण तेवढंच.

लिहीन म्हटलं. दाखवीन असं म्हटलेलं नाही.

७ ऑगस्ट

आज बारकी नाचतच घरात आली. सून शिवणाच्या कारखान्यातून येऊन पाय सोडून बसली होती, मी मटार सोलत होते.

"आजी, सगळ्या शाळांमध्ये तुमची पहिली! पटावर पंचवीस बायका, हजेरी चौऱ्याण्णव टक्के, आणि शेवटी पंचवीसच्या पंचवीस साक्षर! एकही गळली नाही. मी अख्खं प्रकरण लिहिलंय यावर."

"सासूबाई, खरं का हो?" सून म्हणाली. "तुम्ही तर कधी बोलला नाहीत."

"कागदावर आहे ना? मग झालं," मी म्हटलं आणि मटार सोलत राहिले.

आता इथे खरं लिहिते. आम्ही सात जणी होतो.

सुरुवातीला आल्या पंचवीस. वाळवणीच्या शेडमध्ये दोन ते चार, ओल्या चादरींच्या मध्ये फळा टांगलेला. महिन्याभरात गळती लागली. कुणाचं पोर आजारी, कुणाला मुकादमीण सोडेना, कुणाचा नवरा म्हणाला आता काय कलेक्टर होणार का. उरल्या सात. नियम असा की वीसच्या खाली पट गेला तर शाळा बंद.

हजेरी म्हणजे नावापुढे डाव्या अंगठ्याचा ठसा. बाई, म्हणजे आमच्या शिक्षिका, एकदा शाईची पेटी टेबलावर ठेवून खिडकीशी गेल्या आणि बाहेर बघत राहिल्या. मी लांबडीकडे बघितलं. लांबडी माझी मैत्रीण, शेडच्या दांडीला डोकं आपटायचं एवढी उंच. मी म्हटलं, "पाचही बोटं सारखी नसतात म्हणतात ना? मग अडलंय कुठे?" माझी नऊ बोटं आणि तिची नऊ. आमचे स्वतःचे डावे अंगठे सोडून अठरा. अठरा आणि सात पंचवीस. जगात काही हिशेब इतका चोख बसत नाही.

प्रत्येक बोटाची बाई ठरलेली. माझी उजवी करंगळी म्हणजे इस्त्रीवाली म्हातारी. डावी तर्जनी म्हणजे भट्टीवरची तोतरी. रोज सगळ्या हजर दाखवल्या तर संशय येईल, म्हणून दोन-तीन बोटांना अधूनमधून सुट्टी द्यायचो. पुढे ठशांच्या जागी सह्या हव्या झाल्या, तेव्हा अठरा जणींची नावं लिहायला शिकलो. एकीची सही वाकडी, एकीची जाड, एक मुद्दाम चुकवायची.

बाई रोज तेवढा वेळ खिडकीतून बाहेर बघायच्या. आणि एक दिवस आल्याच नाहीत. फळा उतरवून नेला होता. शाळा संपली, एवढंच मुकादमिणीने सांगितलं. ना निरोप, ना शब्द. लांबडी मरेपर्यंत त्यांना पळपुटी म्हणायची. मी अजून म्हणते.

हे बारकीला कळायची गरज नाही. प्रकरण चांगलं झालंय म्हणते. राहू दे चांगलं.

१२ ऑगस्ट

विद्यापीठात नवं धोरण आलं. ज्या विभागात पंधरापेक्षा कमी विद्यार्थी, तो बंद. शिक्षणाच्या इतिहासाच्या विभागात नऊ आहेत.

सून म्हणाली, "विभाग बंद तर बंद. हिचा प्रबंध तर लिहून होत आलाय."

बारकीने समजावलं. विभाग नाही तर मार्गदर्शक नाही, मार्गदर्शक नाही तर प्रबंध घेणार कोण? दुसऱ्या विद्यापीठात जायचं तर पहिल्यापासून नाव नोंदवायचं, आणि नव्या नियमाने नोंदणीचं वय उलटून गेलंय. चार वर्षं पाण्यात. प्रबंध द्यायला अजून चार महिने लागतील, आणि पट मोजायला समिती सप्टेंबरात येणार.

"म्हणजे शिक्षणाचा इतिहास शिकवणाराच विभाग इतिहासजमा," मी म्हटलं. कुणी हसलं नाही. मलाही हसू आलं नाही.

१६ ऑगस्ट

तिचे सर आज घरी आले. विभागप्रमुख आणि तिचे मार्गदर्शक, दोन्ही तेच. चपला दारात इतक्या नीट जुळवून काढल्या की मला तेव्हाच शंका आली. एवढा नम्र माणूस काहीतरी मागायलाच येतो.

"आजी, विभागाने एक प्रमाणपत्र वर्ग काढलाय. वयाची अट नाही. लिहिता-वाचता आलं की बस. पाच नावं मी जमवलीत. माझी मेहुणी, तिच्या दोन मैत्रिणी, ग्रंथालयातले दोघं. एक कमी पडतंय."

"आणि ते पाच जण शिकायला येणार?"

सरांनी चष्मा पुसला. "नाव असलं की पुरे, आजी. सकाळी येऊन यंत्रावर अंगठा लावायचा. वर्गात बसलंच पाहिजे असं नाही."

मी बारकीकडे बघितलं. ती खिडकीतून बाहेर बघत होती.

म्हटलं, सर, असल्या कामात माझा हात चांगला आहे, पण हाताला गुण नाही. त्यांना वाटलं म्हातारी विनय करते. हसले. अर्ज बारकीने भरला, कारण माझं अक्षर सावकाश. सही मी केली. पन्नास वर्षांत पहिल्यांदा शाळेच्या कागदावर स्वतःची.

क्रमांक पंधरा.

२१ ऑगस्ट

बारकी दोन दिवस धड जेवत नाही. तिसरी पेटी उपसून झाल्यापासून असं आहे. पोट बिघडलं असणार. ओवा दिला.

संध्याकाळी जवळ येऊन बसली. "आजी, हात बघू."

"का? भविष्य सांगतेस?"

उजवा हात घेतला, मधलं बोट धरलं. वाफेच्या नळीने भाजल्याची आडवी रेघ आहे तिथे, विसाव्या वर्षीची. खिशातून भिंग काढून बराच वेळ बघत बसली.

"कशाने झालं हे?"

"धुलाईघरात. आता काय त्याचं?"

"काही नाही." हात सोडला नाही मात्र. मग म्हणाली, "आजी, पटावर तेरा नंबरची बाई कोण होती गं?"

म्हटलं, एवढं कोण लक्षात ठेवतं. माझं उजवं मधलं बोट म्हणजे चादरी मोजणारी विधवा, नंबर तेरा. पण तिला कशाला सांगू. उगाच हात दाखवून अवलक्षण.

२२ ऑगस्ट

पोरगी इतकी वेंधळी झालीय. एक जुना कागद माझ्या उशीखाली विसरून गेली. पेटीतलाच. चार वेळा वाचला, कारण पहिल्या तीन वेळा मला वाटलं मला नीट वाचता येत नाही.

बाईंचं पत्र आहे, खात्याला लिहिलेलं. जसंच्या तसं उतरवते.

"धुलाईघर केंद्रातील सर्व महिला साक्षर झाल्याने उद्दिष्ट पूर्ण झाले व केंद्र बंद करण्यात येत आहे, असा आदेश मिळाला. कळविणे भाग आहे की पंचवीसपैकी सातच महिला येतात. उरलेली हजेरी खोटी असून ती माझ्या सांगण्यावरून लावली गेली. दोष सर्वस्वी माझा आहे. परंतु या सात जणी आत्ता कुठे भागाकारापर्यंत आल्या आहेत. निदान त्यांच्यासाठी केंद्र चालू ठेवावे ही विनंती."

खाली लाल शाईत कुणा साहेबाचा शेरा. "शिक्षिकेस बडतर्फ करावे. अहवाल वर गेलेला असल्याने आकडे बदलू नयेत."

तर असं. शाळा बायका कमी म्हणून नाही मिटली. आम्ही बोटं लावून इतक्या हजर दाखवल्या, सह्या करून इतक्या शिकवल्या, की सरकार म्हणालं, झालं काम.

माझ्या सांगण्यावरून, म्हणे. कधी सांगितलं? एक अक्षर बोलल्या नव्हत्या. आणि पळपुटी कोण, तर त्या.

भागाकार मला अजून येत नाही.

२४ ऑगस्ट

पत्र बारकीच्या पेटीत परत ठेवलं. तिने ते चांगलं झालेलं प्रकरण मधोमध फाडलं आणि नव्याने लिहायला बसली. म्हटलं, चांगल्या घोंगडीला भोकं कशाला पाडतेस? म्हणाली, "भोकं आधीच होती, आजी."

२६ ऑगस्ट

मी वर्गात जाऊन बसायचं ठरवलंय. नुसता अंगठा लावून परत यायचं नाही. नाव माझं आहे तर बूडही माझंच टेकलं पाहिजे. सून म्हणाली, गुडघे? म्हटलं, गुडघे बसवण्यासाठीच असतात.

३१ ऑगस्ट

पाच दिवस झाले. हे लिहायलाच हवं.

विभागाच्या दारात भिंतीला काळं यंत्र आहे, डबीएवढं. त्यावर अंगठा ठेवायचा. सरांची मेहुणी येते, टिक, हिरवा दिवा, बाई बाजारात. तिच्या मैत्रिणी, टिक टिक. ग्रंथालयातले दोघं चहाला जाता जाता टिक. माझा अंगठा ठेवला की लाल. डावा लाल. उजवा लाल. दहाच्या दहा बोटं लावून बघितली, सगळी लाल.

यंत्र दुरुस्त करणारा पोरगा आला, माझी बोटं उजेडात धरून बघितली. "आजी, तुमच्या बोटांवर रेघाच नाहीत."

"चाळीस वर्षं सोड्यात हात आहेत, बाळ. चादरींबरोबर रेघाही धुऊन गेल्या."

"मग तुमची हजेरी लागणार नाही."

"अरे, मी उभी आहे ना समोर!"

"मला दिसताय, आजी. त्याला दिसत नाही."

एकेकाळी या बोटांनी मी नऊ बायका उभ्या करत होते. आता एक होत नाही. बारकीने लेखी कळवलं, अर्ज दिला की हिची सही घ्या. कारकून म्हणाला, सहीची पद्धत बंद झाली, सहीत खोटेपणा होतो.

मी त्याच्याकडे बघितलं. बरोबरच होतं त्याचं.

३ सप्टेंबर

वर्गात खऱ्या विद्यार्थ्यांपैकी चार-पाच येतात, आणि मी. सर कधी येतात, कधी बारकीच शिकवते. पोरगी छान शिकवते. शिकवताना वर्गाकडे पाठ करत नाही, अगदी आमच्या बाईंसारखी. आज शाळांचे कायदे झाले. आधी फुकट, मग सक्ती, मग अनुदान, मग मोजणी. मी विचारलं, मोजणीनंतर काय? सगळी पोरं हसली. बारकी तेवढी हसली नाही.

मधल्या सुट्टीत एका पोराने खुर्ची ओढून दिली. "आजी, तुम्ही कशाला येता? मार्क तर मिळणार नाहीत."

म्हटलं, तुला मिळतात म्हणून तू येतोस?

९ सप्टेंबर

समिती आली. तीन माणसं आणि एक बाई, सगळ्यांच्या गळ्यात ओळखपत्राच्या पट्ट्या. सरांनी टेबलावर कापड घातलं होतं. मेहुणी आणि मैत्रिणी नव्या साड्यांत, वर्गात पहिल्यांदा. कुठे बसायचं ते ठाऊक नाही, म्हणून पहिल्या बाकावर बसल्या. मी नेहमीच्या जागी, तिसऱ्या.

समितीतली बाई माझ्याजवळ आली. "आजी, तुम्ही कुणाबरोबर आलात?"

"मी विद्यार्थिनी आहे. क्रमांक पंधरा."

"अरे वा! काय शिकलात?"

सरांनी पढवलं होतं, की म्हणा, विभागामुळे माझं जीवन उजळलं. ते काही तोंडातून निघेना. म्हटलं, "शिकले ते सांगते. आधी शाळा नव्हत्या म्हणून बाया अडाणी राहिल्या. मग शाळा काढल्या, बाया येत नाहीत म्हणून बंद केल्या. एके ठिकाणी बाया फार आल्या, तर शिकून झाल्या म्हणून बंद केली. म्हणजे येऊन बंद, न येऊन बंद. आता तुम्ही मोजायला आलात, तर तुमचं कारण कुठलं ते सांगा, म्हणजे मी वहीत उतरवून घेते."

बाई खूप हसली. "आजी फारच हुशार आहेत," म्हणाली आणि माझ्या खांद्यावर थोपटलं. म्हातारं माणूस बोललं की लोक थोपटतात. मग तिने हातातल्या काचेच्या पाटीवर बघितलं. "पण तुमची हजेरी शून्य दिसतेय."

"यंत्राला मी दिसत नाही. यांना विचारा." वर्गातली पोरं एकदम म्हणाली, येतात, आजी रोज येतात. बारकीही उभी राहिली, सहीसाठी दिलेल्या अर्जाची प्रत दाखवली. समितीतल्या माणसाने ती घेतली, दुमडली, फायलीत घातली.

"यंत्राचा अहवाल आमच्याकडे आहे," तो म्हणाला. आवाज चांगला होता त्याचा. वाईट माणूस वाटला नाही.

सर खिडकीतून बाहेर बघत होते. म्हटलं, बघा. पण आमच्या बाईंच्या बघण्यात आणि यांच्या बघण्यात फरक आहे. आता ओळखता येतो.

१९ सप्टेंबर

दोन कागद आले.

पहिला, विभाग बंद. पटावर पंधरा पण प्रत्यक्ष हजर चौदा. नुसता अंगठा लावून जाणाऱ्या पाच जणांची हजेरी पूर्ण भरली, आणि रोज येणारी एक तेवढी खोटी ठरली.

दुसरा बारकीच्या नावाने. "विद्यार्थिनी क्रमांक पंधरा हा प्रवेश बनावट असल्याचे हजेरीच्या नोंदींवरून सिद्ध होते. सदर अर्ज आपल्या हस्ताक्षरात आहे. आठ दिवसांत लेखी खुलासा करावा, अन्यथा आपली संशोधक म्हणून नोंदणी रद्द होईल."

सरांना फोन लावला. ते म्हणाले, अर्ज भरायचं काम संशोधक विद्यार्थिनीकडे होतं, मला तपशील माहीत नाहीत. त्यांची दुसऱ्या विभागात सोय झालीय. आवाजावरून चप्पल नीट काढून बसल्यासारखे वाटले.

सून भांडी आपटत होती. "चार वर्षं! चार वर्षं पोरगी त्या पेट्यांत डोकं घालून बसली!"

बारकी म्हणाली, "आई, विभाग नाही तर नोंदणी रद्द झाली काय आणि राहिली काय." इतकं साधं म्हणाली की सून आपटायची थांबली.

२० सप्टेंबर

दुपारी बारकी टेबलाशी लिहीत होती. मी पाणी द्यायला गेले तर कागदावर पहिली ओळ दिसली. "सदर प्रवेश माझ्या सांगण्यावरून झाला असून दोष सर्वस्वी माझा"

पुढचं वाचलं नाही. वाचायची गरज नव्हती, मला ते पाठ आहे.

"हे कुठून शिकलीस?" मी विचारलं.

"आजी, कुणीतरी लिहायलाच हवं. निदान प्रकरण मिटेल."

"मिटलेलंच आहे. मग घाई कसली? लिहायचं ते मी लिहीन."

"तू लिहिलंस तरी काही होणार नाही. त्यांच्या लेखी तू नाहीसच."

"माहीत आहे."

कागद घेतला, दुमडला आणि चुलीत नाही जाळला, नाहीतर सून म्हणेल नाटकं करते. कचऱ्यात टाकला. बारकी रडली थोडी. मी रडले नाही, मला सवय नाही.

आता तुला सांगते, बारके. ही वही तुझ्या टेबलावर ठेवते आहे, पहिल्या पानापासून वाच. तेरा नंबरची बाई कोण ते यात आहे, माझ्या बाकीच्या आठ बोटांच्या जणी विचारलंस की सांगेन, लांबडीच्या नऊ मात्र तीच घेऊन गेली. प्रबंधात घाल, नाहीतर रद्दीत घाल. विभागच नाही तर दोन्ही सारखंच.

पण त्या खुलाशाच्या कागदाला तू हात लावायचा नाहीस. बाईंनी माझं उत्तर स्वतःच्या नावावर दिलं आणि मी पन्नास वर्षं त्यांना शिव्या दिल्या. दुसऱ्यांदा ते चालणार नाही. आठ दिवस आहेत, माझं अक्षर सावकाश आहे, पुरतील. खोटी ठरवलीय मला, तर उत्तर मीच देणार. पेन कुठे ठेवलंयस ते सांग आणि बाजूला हो.